टाकीच्या बागेतली टकटक

बाबुराव ओव्हाळांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली आणि तरीही निवृत्तीच्या दिवशी त्यांचे दोन्ही कान ठणठणीत होते, हे ते कुणी विचारायच्या आत सांगत. त्यामुळे ओव्हाळ एका प्लास्टिकच्या चेंडूच्या आवाजाने हैराण झाले आहेत अशी बातमी जेव्हा बिबवेवाडीत पसरली, तेव्हा लोकांना गंमत वाटणं साहजिक होतं. सोसायटीच्या चेअरमनने लिफ्टमध्ये विचारलंच, की अहो, बॉम्ब पचवलेत आणि चेंडू बाधला? बाबुराव म्हणाले, "तिथे आधी भोंगा व्हायचा, मग आवाज. इथे भोंगा कोण वाजवतं?" तेवढ्यात चेअरमनचा मजला आला म्हणून तो सुटला.

बाबुराव मुळातच तापट. घरात भिंतीवरच्या तसबिरीत तथागत डोळे मिटून शांत बसलेले आणि तिच्या बरोबर खाली खुर्चीत बाबुराव धुमसत बसलेले, हे दृश्य येणाऱ्या-जाणाऱ्याने कित्येक वर्षं पाहिलेलं आहे. पण त्यांचा राग दुधासारखा होता. वर यायचा, आणि नेमक्या वेळी गॅस बंद करायला ललिताबाई होत्या. ललिताबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि चाळीस पोरांचा वर्ग एका वाक्यात गप्प करण्याची त्यांची ख्याती होती. घरी तर एकच विद्यार्थी. एकदा पेपर उशिरा येतो म्हणून बाबुराव पेपरवाल्याचा धंदा बंद पाडायला निघाले. ललिताबाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाडा बंद. मग उद्यापासून कुणावर चिडायचं ते आत्ताच ठरवून ठेवा." बाबुराव चपला काढून परत खुर्चीत बसले.

निवृत्तीनंतर दोघांचा एक नेम झाला. सकाळी वंदना झाली, चहा झाला, की टाकीच्या बागेत जायचं. बागेला पाटीवर एक लांबलचक नाव आहे, पण शेजारी पाण्याची टाकी असल्याने पाटीकडे कुणी बघत नाही. तिथे शिरीषाच्या झाडाखाली एक बाक होता. बाबुराव पेपर उघडून एकेक बातमी मोठ्याने वाचत आणि वाचता वाचता सरकारपासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांना निकालात काढत. ललिताबाई ऐकून घेत आणि शेवटी एक वाक्य टाकत. त्या वाक्यात बाबुरावांचा निकाल लागायचा. शेजारच्या बाकावर बसणारे लोक त्या वाक्यासाठी पेपर न घेता यायचे. बाबुराव वरवर चिडल्यासारखं करत, पण घरी येताना त्यांची चाल बघावी. हरलेल्या माणसाची चाल इतकी ऐटबाज मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग कधीतरी ती वाक्यं येईनाशी झाली. आधी ललिताबाई नुसतं "हं" म्हणू लागल्या. पुढे उत्तर यायचं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं. बाबुराव म्हणाले, रस्ता पुन्हा खणला, तर त्या म्हणाल्या, "हो, रवा घातला की पुऱ्या तेल कमी पितात." बाबुराव म्हणाले, आमदारांनी पक्ष बदलला, तर त्या म्हणाल्या, "घट्टच होता, मीच सैल करायला सांगितला." हे दुसरं उत्तर शेजारच्या बाकाला फार आवडलं, पण बाबुरावांना कळलं की ते चुकून लागलं आहे. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. कारण नेमक्या त्याच सुमाराला बागेत पिकलबॉल आला आणि त्यांना हवा तो आरोपी हाताशी मिळाला.

बागेच्या कोपऱ्यात बॅडमिंटनचं एक जुनं अंगण होतं. तिथे पाचोळा आणि एक पिवळा कुत्रा सोडून कुणी खेळत नसे. एका आठवड्यात ते निळं झालं, त्यावर पांढऱ्या रेघा आल्या, मधे जाळी आली आणि सकाळी सकाळी आयटीतली मंडळी हातात फळ्या घेऊन हजर झाली. अंगण बॅडमिंटनचं, फळी टेबलटेनिसच्या थोरल्या बहिणीची, चेंडू प्लास्टिकचा आणि त्याला सगळीकडून भोकं. नाव लोणच्याचं. बाबुरावांच्या मते ज्या खेळाला स्वतःचं म्हणून एकही सामान नाही त्याने निदान आवाज तरी करू नये. पण आवाज ही त्या खेळाची खरी कमाई होती. टॉक. टॉक. टॉक-टॉक. टॉक. लय असती तर कान सरावले असते. पण ती टकटक दारावर कुणी उभं असल्यासारखी यायची, थांबायची, आणि आता गेला वाटतं म्हणेपर्यंत पुन्हा यायची.

खडकीला राहणारी त्यांची मुलगी आम्रपाली एका रविवारी आली आणि सरळ विषयाला हात घातला. आईचे कान तपासून घेऊ, म्हणाली. तिने ते इतक्या मोठ्याने म्हटलं की ललिताबाईंना ऐकू गेलं. त्यांना ते लागलं. कान गेले म्हणजे म्हातारी झाले, असं त्यांचं गणित होतं, आणि गणित त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "बागेतल्या पोरांची टकटक मला अगदी खणखणीत ऐकू येते. बहिऱ्या बाईला आली असती का?" बाबुराव लगेच त्यांच्या बाजूने उभे राहिले. आईच्या कानाला काही झालेलं नाही, बागेला झालंय, असं त्यांनी लेकीला सुनावलं. नवरा-बायकोचं इतकं एकमत त्या घरात आम्रपालीने प्रथमच पाहिलं आणि तिने विषय सोडला. ललिताबाईंना कान चांगले असल्याचा पुरावा मिळाला होता आणि बाबुरावांना त्या उत्तरं का देत नाहीत याचं कारण. दोघांचंही भागत होतं, आणि तेही एकाच चेंडूवर.

पण बाबुराव नुसतं कारण मिळालं म्हणून गप्प बसणारे नव्हते. टकटक थांबली की ललिताची वाक्यं परत येतील, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. त्यांना दुसरं काही नको होतं. ते निळ्या अंगणापाशी गेले. तिथल्या मंडळींचा म्होरक्या राजस नावाचा तरुण होता, स्वभावाने चांगला, कपाळाला पट्टी आणि पाण्याची बाटली छोट्या कळशीएवढी. त्याने आधी बाबुरावांनाच खेळायचं आमंत्रण दिलं. बाबुरावांनी आवाजाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अंकल, फोमचा बॉल मिळतो ऑनलाइन, एकदम सायलेंट. पण त्याला फील येत नाही."

"फील आम्हाला येतोय ना तिकडे बाकावर," बाबुराव म्हणाले. "तेवढा पुरे."

राजसने सॉरी म्हटलं आणि पुढचा चेंडू मारला. टॉक.

मग तक्रार. उद्यानवाल्यांनी सांगितलं की आवाज हा पोलिसांचा विषय आहे, आमच्याकडे फक्त झाडं. बाबुराव चौकीत गेले. आता इथे त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना फापटपसारा खपत नसे. कारखान्यात त्यांनी लिहिलेला अहवाल कधी अर्ध्या पानाच्या पुढे गेला नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता. या अर्जात त्यांनी विषयाच्या जागी एकच शब्द लिहिला: शांतता. खाली बागेचं नाव, सकाळची वेळ, आणि आपण लक्ष घालावे ही विनंती. टकटक, चेंडू, फळी असले क्षुल्लक शब्द सरकारी कागदावर शोभत नाहीत, म्हणून ते घातलेच नाहीत.

गणपती तोंडावर आले होते. अशा वेळी पुण्यातल्या कुठल्याही चौकीत शांतता या शब्दाला एकच अर्थ असतो आणि तो आहे शांतता समिती. उत्सव नीट पार पडावा म्हणून पोलीस गल्लीगल्लीतल्या वजनदार माणसांना बोलावतात, चहा पाजतात आणि सहकार्याची विनंती करतात, ती ही समिती. अर्ज हातात घेणाऱ्याने विषय वाचला, वय वाचलं, केंद्र सरकारच्या कारखान्यातून निवृत्त हे वाचलं आणि कागद योग्य त्या ढिगाऱ्यावर ठेवला. चार दिवसांनी बाबुरावांना फोन आला की आपली शांतता समितीवर निवड झाली आहे, बैठकीला यावं.

बाबुरावांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत ताठ बसले. आपल्या टकटकीसाठी पोलिसांनी समिती नेमली. त्यांनी ललिताबाईंना ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेथी? ती मी सकाळीच निवडली." पण बाबुरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

बैठक एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होती. बाबुराव आत शिरले आणि त्यांना वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कार्यक्रमाला आलो. आसपासच्या भागात आवाज करण्याबद्दल नाव असलेला एकूणएक माणूस तिथे बसलेला होता. मंडळांचे अध्यक्ष होते, कार्याध्यक्ष होते, ज्याच्या स्पीकरच्या भिंतीने गेल्या वर्षी एका दवाखान्याची काच हलवली तो होता. गळ्यात साखळ्या, मनगटात कडी, आणि प्रत्येकाच्या छातीवर शांतता समिती असा बिल्ला. बाबुरावांच्याही छातीवर तसाच एक लावण्यात आला. पोलीस साहेबांनी आवाजाच्या मर्यादेबद्दल सांगितलं आणि सगळ्यांनी छताकडे पाहत ऐकून घेतलं. मग साहेबांनी विचारलं, नवीन सदस्यांना काही बोलायचंय का?

बाबुराव उठले. त्यांनी टाकीची बाग सांगितली, बाक सांगितला, टकटक सांगितली. तोंडाने करूनही दाखवली. ललिताबाईंबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाहीत. घरातली गोष्ट चव्हाट्यावर न्यायची नाही, हा त्यांचा बाणा. ते बोलत असताना हॉलमध्ये शांतता पसरली. समितीच्या इतिहासात तशी ती प्रथमच पसरली असावी. शेवटी मांडववाले आनंदभाऊ सावकाश उभे राहिले. ते मंडळाचे अध्यक्ष, ढोलपथकाचे प्रमुख आणि बोलायला लागले की खिडकीवरची कबुतरं उडत.

"म्हणजे काका," ते म्हणाले, "तुमची आमच्या ढोलाबद्दल तक्रार नाही?"

"ढोलाला सुरुवात असते आणि शेवट असतो," बाबुराव म्हणाले. "याला नाही."

यानंतर जे झालं त्याला तोड नाही. दर वर्षी या समितीत एकदोन निवृत्त माणसं येत आणि ढोल, डीजे, मांडव यांवर तोंडसुख घेत. आज प्रथमच असा एक ज्येष्ठ नागरिक उभा राहिला होता ज्याला भलत्याच कुणाचा आवाज खुपत होता. सगळ्या अध्यक्षांच्या जिवात जीव आला. एकाने सांगितलं की शांतता ही काळाची गरज आहे. काचवाल्याने सांगितलं की आजच्या पिढीला दुसऱ्याचा विचारच नाही. टकटकीविरुद्धचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि साहेबांनाही हायसं वाटलं, कारण समितीत काहीतरी मंजूर होण्याचा योग त्यांच्याही वाट्याला क्वचितच येई. अर्ज कुठल्या ढिगाऱ्यात जायला हवा होता, हा प्रश्न मग कुणी काढला नाही.

अंमलबजावणी आनंदभाऊंकडे. त्यांनी आपल्या गोदामातून लग्नाच्या जुन्या गाद्या काढल्या आणि निळ्या अंगणाच्या तारेच्या कुंपणाला आतून बाहेरून बांधून टाकल्या. त्यावर कनात ताणली. दुरून पाहिलं तर आत वऱ्हाड उतरलंय असं वाटावं. राजसला त्यांनी प्रेमाने समजावलं. आनंदभाऊंनी खांद्यावर हात ठेवून समजावलं की माणसाला लवकर समजतं. फोमचे चेंडू आले, टणक चेंडू पिशवीत गेले, आणि राजसने त्याचंही इंस्टाग्रामवर सायलेंट पिकलबॉल म्हणून रील टाकलं.

उद्घाटन हवंच. टाकीच्या बागेत शांतता पर्वाचा शुभारंभ ढोल-ताशाच्या गजरात झाला. पथक गेटपासून वाजवत आलं, पिवळा कुत्रा टाकीमागे गेला तो संध्याकाळीच दिसला. माइकवरून आनंदभाऊंनी शांततेचं महत्त्व सांगितलं आणि प्रत्येक वाक्य टाकीवर आपटून दोनदा ऐकू आलं. बाबुरावांना शाल-श्रीफळ मिळालं. पहिल्या रांगेत ललिताबाई बसल्या होत्या आणि ढोलाच्या ठोक्यावर त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर नाचत होती. बऱ्याच दिवसांत बाबुरावांनी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. उद्या सकाळी, ते मनात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. बाकावर बसले. गाद्यांच्या फटीतून राजस आणि मंडळी उड्या मारताना दिसत होती, पण आवाज म्हणाल तर कुणी उशीवर थोपटावं तेवढा. शिरीषावर साळुंक्या बोलत होत्या त्या कळत होत्या. बाबुरावांनी पेपर उघडला. बातमी पेपर आल्या आल्याच मनात निवडून ठेवली होती. खडकवासला काठोकाठ भरलं आणि तरी गुरुवारी पाणी बंद. यावर ललिता काय म्हणेल याचा अंदाजसुद्धा त्यांना बांधवेना, इतकी ती बातमी चांगली होती. त्यांनी ती खड्या आवाजात वाचली, नेहमीप्रमाणे पाणी खात्याला निकालात काढलं आणि थांबले.

वाक्य आलं नाही. "हं" सुद्धा आलं नाही.

त्यांनी मान वळवली. ललिताबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या गाद्यांच्या फटीतून आतल्या खेळाकडे टक लावून पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी एका कानात बोट घालून हलवलं, मग दुसऱ्या. मग हळूच विचारलं, "अहो, ती पोरं खेळतायत ना?"

बाबुरावांनी मान हलवली.

"मग टकटक का नाही येत?" त्या म्हणाल्या. "गेले हो माझे कान."

बाबुराव घाईने सांगू लागले की नाही, चेंडू बदललाय, गाद्या लावल्यात, काल नाही का पाहिलंस. त्या त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. त्यांनी आवाज चढवला. आणखी चढवला. बागेत आता कुठलाच आवाज नव्हता ज्याच्यावर खापर फोडावं. त्यांच्यात आणि ललितामध्ये वीतभर हवा होती, आणि तेवढ्या हवेतून त्यांचं बोलणं तिच्यापर्यंत जात नव्हतं. वर्षभर ज्या गोष्टीकडे पाठ करून ते चेंडूशी भांडत होते ती समोर येऊन बसली होती. बाबुरावांना रडू आलं. ते तसंच गिळून त्यांनी अख्ख्या बागेला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "चेंडू. चेंडू बदललाय त्यांनी." चालणारे थांबले. शेजारच्या बाकावरच्यांनी माना वळवल्या. कनातीतून राजसचं डोकं बाहेर आलं आणि तो अगदी अदबीने म्हणाला, "अंकल, प्लीज, सायलेन्स झोन आहे."

बाबुराव उठले ते सरळ गाद्या बाजूला सारून आत गेले. जुना चेंडू द्या, म्हणाले. राजसला वाटलं काका परीक्षा घेतायत. त्याने सांगितलं की आनंदभाऊंनी सक्त ताकीद दिली आहे, आणि शिवाय तुम्हीच तर. बाबुरावांनी त्याच्या पिशवीत स्वतः हात घातला, दोन-तीन टणक चेंडू काढले, दुसऱ्याच्या हातातली फळी घेतली, बाकाच्या बाजूची गादी दोरी सोडून खाली पाडली आणि एक चेंडू सगळं बळ लावून जमिनीवर हाणला. तो आकाशात गेला. दुसरा हाणला. तिसरा टाकीच्या भिंतीवर बसला.

टॉक.

ललिताबाईंच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं बाबुरावांना तिथून दिसलं. त्या हसल्या. बाबुरावांनी पुन्हा मारला, टॉक, आणि त्या पुन्हा हसल्या, पण या खेपेला हसू अर्ध्यावर थांबलं. शिक्षिका होत्या. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, शिरीषावर चोच उघडून बसलेल्या साळुंकीकडे पाहिलं, मांडीवर राहिलेल्या पेपरकडे पाहिलं. गणित त्यांच्या ध्यानात आलं. त्या उठून कुंपणापाशी आल्या.

"म्हणजे एवढीच ऐकू येते मला," त्या म्हणाल्या. "बाकी काहीच नाही."

आता बोलून उपयोग नव्हता. बाबुरावांनी फक्त मान हलवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ती गोष्ट कबूल केली होती, आणि तीही मुकाट्याने.

ललिताबाईंनी कुंपणाची तार धरली. मग पदराने डोळे पुसले. "आम्रपालीला फोन लावा," त्या म्हणाल्या. "दाखवून टाकू कान. काय लावायचं ते लावीन." त्यांनी खाली पडलेली गादी पाहिली, तोंड उघडं टाकून उभा असलेला राजस पाहिला, मग नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आणि ती फळी ठेवा आधी खाली. शांतता समितीवर आहात तुम्ही."

शेजारच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाबुरावांनी फळी खाली ठेवली.